बोटं हलतात म्हणून नस शाबूत? अजिबात नाही

"हाताची नस तुटली? ऑपरेशनची घाई नको!" असा एक मेसेज फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. बोटं हलत असतील तर नस शाबूत आहे. तुटलेली नस सहा महिन्यांत आपोआप जुळते. बधिर भागाला गरम विटेचा शेक द्या. मुंग्या म्हणजे बी-१२ कमी, गोळ्या खा. ऑपरेशन केलं की हात कायमचा लुळा.

अडीच महिन्यांपूर्वी हाच मेसेज माझ्या आत्याने मला पाठवला होता. खिडकीची फुटकी काच काढताना आतेभावाचं मनगट कापलं होतं. जवळच्या दवाखान्यात टाके घातले, "मूठ वळ बघू" म्हणाले, त्याने वळली, झालं. अंगठा आणि बाजूची दोन बोटं बधिर आहेत, असं तो सांगत होता. "सूज उतरली की येईल," एवढंच उत्तर मिळालं. मग हा मेसेज आला आणि नऊ दिवस शेकण्यात गेले. काल तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा दिसला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज असे हात बघते. आता गप्प बसवत नाही.

मुळात 'नस' या शब्दानेच घोळ होतो. रक्तवाहिनी म्हणजे नस, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे नस आणि मेंदूचा निरोप नेणारा चेतातंतूही नसच. मूठ वळणारे स्नायू कोपराखाली, पुढच्या हातात असतात. त्यांना जाणाऱ्या शाखा मनगटाच्या बऱ्याच वरच फुटतात. म्हणजे मनगटाशी चेतातंतू पार तुटला तरी दोऱ्या शाबूत असतील तर मूठ वळते! मूठ बघून नस शाबूत ठरवणं म्हणजे दिवे लागलेत म्हणून नळाला पाणी आहे असं म्हणणं.

बघायचं असेल तर असं बघा. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा आणि अंगठा सरळ छताकडे उचला. भावाला ते जमेना. जमलं नाही तर इजा मधल्या चेतातंतूला, म्हणजे मिडियनला. करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर, बोटं फाकवता येत नाहीत, अंगठा आणि तर्जनीत कागद धरून ओढला की अंगठ्याचं टोक वाकतं, तर करंगळीकडचा अल्नर. मनगटच उचलत नाही, हात लोंबतो, तर रेडियल. आणि घाम बघा. तुटलेल्या चेतातंतूच्या हद्दीत घाम येत नाही. भावाच्या करंगळीवरून मी बॉलपेनची दांडी फिरवली तर ती अडखळत होती, तर्जनीवरून मात्र कागदावरून घसरावी तशी सरकली. शर्टाचं बटण तो बघितल्याशिवाय लावू शकत नव्हता.

शेकाबद्दल लिहिताना मला अजून राग येतो. ज्या बोटाला चटका कळत नाही, त्याला गरम वीट लावायला सांगताय? त्याच्या तर्जनीच्या टोकाला वाटाण्याएवढा फोड आला होता. तो फुटून चादरीला ओलं लागलं तेव्हा कळलं. बधिर हाताला शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, तव्याजवळ जायचं तर जाड कापड गुंडाळून. कुष्ठरोगात बोटं झडतात ती मुख्यतः अशाच न कळलेल्या चटक्यांनी, जखमांनी.

आता "आपोआप जुळते". यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये, महायुद्धातल्या जखमींवरच्या कामातून, चेतातंतूच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. आजही डॉक्टर ती भाषा बोलतात. पहिल्यात चेतातंतू फक्त दबतो. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोपलेल्या माणसाचा हात सकाळी लोंबतो, तो बहुधा काही आठवड्यांत सुधारतो. दुसऱ्यात आतला धागा तुटतो पण आवरण शाबूत राहतं, आणि धागा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. तिसऱ्यात सगळंच तुटतं. तिथे दोन टोकं एकमेकांपासून मागे सरकतात, मध्ये व्रण भरतो आणि धाग्याला वाट सापडत नाही. काचेने, विळ्याने, मांजाने कापून बोट बधिर झालं तर तिसराच प्रकार धरून चालायचं. चेतातंतूतून निरोप किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, म्हणजे एनसीव्ही, इजेनंतर तीन आठवड्यांनीच नीट बोलते. उघड्या जखमेत तिची वाट बघत बसायचं नाही, हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनने जखम उघडून बघायची. पहिल्या काही दिवसांत टोकाला टोक जुळतं. उशीर झाला तर पायातला चेतातंतू काढून जोड द्यावा लागतो. आणि १२ ते १८ महिने निरोप न मिळालेला स्नायू पुढे निरोप आला तरी उठत नाही. त्यातले सहा महिने हा मेसेज वाया घालवायला सांगतो!

बी-१२? कमतरतेने मुंग्या येतात, खरंय. पण त्या बहुतेकदा पायांपासून आणि दोन्ही बाजूंना सुरू होतात. काचेने कापलेल्या एकाच हाताच्या तीन बोटांचा त्याच्याशी संबंध नाही. इजा नसताना हात बधिर होत असेल, अंगावर बधिर चट्टा असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करा, औषध फुकट आहे.

ऑपरेशनने हात लुळा पडत नाही. मोठ्या माणसात संवेदना पूर्ण पहिल्यासारखी क्वचितच येते, हे मी आत्याला आधीच सांगितलं होतं. दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्याने चेतातंतू शिवला. काल मी भावाच्या मनगटापासून बोटाने टकटक करत पुढे गेले; झिणझिणी जिथपर्यंत येते, साधारण तिथपर्यंत धागा वाढलेला असतो. गेल्या महिन्यात झिणझिणी तळहाताच्या सुरुवातीलाच थांबत होती. काल ती तळहाताच्या मध्यापर्यंत पोचली, आणि आत्याने तिथे पेनने खूण करून ठेवली.