80 ची लेन्स 50 ची होत नसते भाऊ

"मिडियम फॉरमॅटची लेन्स 35 एमएम कॅमेऱ्याला लावा अन् जादू पाहा" वालं फॉरवर्ड नागपुरातल्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर फिरून राहिलं होतं, मी गप्प होतो. (मिडियम फॉरमॅट म्हणजे 35 एमएमच्या 24x36 फ्रेमपेक्षा मोठ्या फ्रेमचा फिल्म कॅमेरा.) पण काल भाचा ते वाचून त्याच्या एफएम10 या निकॉनच्या 35 एमएम कॅमेऱ्यासाठी मामिया आरबी67 या मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याची लेन्स अन् ती जोडायला एक साधी रिंग घ्यायला निघाला, मग बोलावंच लागते.

म्हणे 80 एमएम फोकल लेंथची लेन्स (त्याच फिल्मवर हा आकडा जितका मोठा, तितका कमी भाग दिसते) छोट्या फिल्मवर 50 सारखी वाइड होते. काहून होईल? 6x6 या मिडियम फॉरमॅटची फ्रेम 56 एमएमची चौकोनी, तिथं 80 नॉर्मल वाटते. 24x36 ची फिल्म त्याच चित्राचा मधला तुकडा घेते, म्हणजे 85 च्या निक्कॉरमधून (निकॉनच्या लेन्समधून) फुटाळा तलावावर जेवढं दिसते जवळपास तेवढंच. जेनाच्या कार्ल झाइसची 180 एफ2.8 (लेन्स किती उजेड घेते त्याचा आकडा) सोनार लेन्स 1936 ला 35 एमएमच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठीच निघाली होती, पुढं तिचंच नवं रूप पेंटाकॉन सिक्स या 6x6 कॅमेऱ्यावर गेलं, अडॅप्टरनं पुन्हा 35 वर आलं, अन् लेन्सवर आकडा दर वेळी 180 च!

"कोणतीही लेन्स रिंगनं बसते", हे तर खिशालाच कात्री. आरबीच्या लेन्सला फोकसची रिंगच नाही बे, फोकस होते बॉडीतल्या बेलोजनं (घडीच्या लवचीक भात्यानं). साध्या नळकांड्यावर लावली की एकाच अंतरावर अडकली, आता माणसालाच पुढं-मागं सरकवत बसा. वरून शटर लेन्सच्या आत, ते उघडं ठेवायची भानगड वेगळी. पेंटाकॉन सिक्स किंवा पेंटॅक्स 645 च्या लेन्समध्ये फोकस असते, त्या चालतात.

लेन्स फिल्मवर टाकते ते चित्राचं वर्तुळ मोठं, त्यामुळं एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजेड जास्त, म्हणून लाइट मीटरपेक्षा एक स्टॉप कमी द्या म्हणे. द्या अन् पातळ निगेटिव्ह धुऊन आणा. एफ2.8 म्हणजे एफ2.8. फ्रेमबाहेरचा उजेड मिररबॉक्सच्या भिंतींवर आपटून उलट काँट्रास्ट खाते, खोल हूड लावा.

अन् फॉरवर्डमधला जास्त शार्पनेसचा दावा? बरं, मधलाच भाग वापरल्यानं कोपरे चांगले येतात, इतकं खरं आहे. पण मोठी निगेटिव्ह कमी एन्लार्ज करावी लागते, म्हणून ती लेन्स मिलिमीटरमागे 35 वाल्या चांगल्या लेन्सपेक्षा सरस असलीच पाहिजे असं काही नाही. मोठ्या वर्तुळाचा खरा उपयोग टिल्ट-शिफ्ट अडॅप्टरवर (लेन्स तिरपी करता किंवा बाजूला सरकवता येते असा), अन् त्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

भाच्याला 85 एफ2 ची जुनी मॅन्युअल निक्कॉर शोधायला लावली आहे, एफ2.8 पेक्षा एक स्टॉप तेज, अन् फोकसची रिंग तिला स्वतःची आहे.