आत्या, ती फाइल बंबात घालू नकोस

गंगाखेडहून आत्याचा फोन आला. "आता केस करून काय उपयोग रे? मोबाइलवर आलंय, सुप्रीम कोर्टानं डॉक्टर-वकील दोघांनाही सोडलं. त्या कागदांवर बंब पेटवते." मामांचं ऑपरेशन गेल्या वर्षी संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात बिघडलं, दुसरं करावं लागलं, त्याचे हे कागद. तोच मेसेज मला चार ग्रुपांवर आलाय: डॉक्टर आणि वकिलांवर ग्राहक कोर्टात केस बंद, नव्या कायद्यात डॉक्टरला जेल नाही, आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तरी डॉक्टर डॉक्टरलाच सांभाळतो.

पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक. 14 मे 2024 चा निकाल वकिलांपुरता आहे. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, एवढं त्यात ठरलं. तरी सनद रद्द करण्याचा मार्ग उघडाच आहे. वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अॅडव्होकेट्स कायद्याच्या कलम 35 खाली तक्रार करता येते. डॉक्टरांबद्दल त्या निकालात एवढंच म्हटलं होतं की डॉक्टरांना ग्राहक कायद्यात आणणाऱ्या 1995 च्या व्ही. पी. शांता निकालाचा फेरविचार व्हावा. पुढचं मात्र मेसेजवाला गाळतो. नोव्हेंबर 2024 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं अशा फेरविचाराची गरज नाही म्हणून तो विषय तिथंच संपवला. म्हणजे पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर 1995 पासून ग्राहक कायद्यात होता आणि आजही आहे. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारा दवाखाना तेवढा त्यातून बाहेर.

ही अफवा पसरवणाऱ्याला कळतंय का, की तक्रारीला मुदत 2 वर्षांचीच असते? हा मेसेज वाचून माणूस सहा महिने गप्प बसला तर खरी असलेली केसही जाते. आत्याला संभाजीनगरला खेटे घालायचीही गरज नाही. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात केस करता येते, म्हणजे परभणीच्या ग्राहक आयोगात. दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा लागत नाही.

जेलचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 वाचा. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर इतरांना 5 वर्षांपर्यंत कैद, नोंदणीकृत डॉक्टरला 2 वर्षांपर्यंत. शिक्षा कमी आहे, माफ नाही. आणि बेकायदा गर्भपातात महिला दगावली त्या परळीच्या प्रकरणात बीडच्या कोर्टानं 2019 मध्ये डॉक्टरला 10 वर्षांची सक्तमजुरी दिली, हे मराठवाड्यातल्या माणसानं तरी विसरू नये.

कौन्सिलबद्दलचं थोडं खरं आहे, ते मान्य करावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नुकसानभरपाई देत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यातल्या कलम 30 मध्ये वरच्या बोर्डाकडे अपील करण्याचा हक्क फक्त डॉक्टरला लिहून दिलाय, रुग्णाला नाही. हा अन्याय आहे आणि तो बदललाच पाहिजे. पण म्हणून तक्रारच करू नका, हा कुठला सल्ला? डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढण्याचा अधिकार त्याच कौन्सिलकडे आहे.

आत्या, फाइल कपाटात ठेव. त्यात ऑपरेशनच्या नोंदी नसतील तर दवाखान्याकडे लेखी माग. 2002 च्या आचारसंहितेनुसार 72 तासांत द्याव्या लागतात. मागणीपत्राच्या प्रतीवर त्यांची पोच घे. रविवारी मी येतोय, तोपर्यंत बिलं तारखेप्रमाणे लावून ठेव.