मत द्यायचं नसतं, मांडायचं असतं

सुज्ञ मतदारहो, एक हिशेब पाठ करून ठेवा: आपलं मत जिथे सगळ्यात जड, तिथे ते देऊ नये, जिथे आपल्याला मताचा अधिकारच नाही, तिथे ते रात्रभर मांडावं.

स्थानिक निवडणूक घ्या. दारासमोरचं गटार, नळाचं पाणी, कचऱ्याची गाडी ज्यांच्या हातात, ती माणसं इथे निवडली जातात. मतदार थोडे, म्हणून एकेका मताला वजन. तेव्हा त्या दिवशी झोप पूर्ण करावी. गेलातच, तर उमेदवारांची नावं मतपत्रिकेवरच पहिल्यांदा वाचावीत, एकही ओळखीचं नाही म्हणून व्यवस्थेला नावं ठेवावीत आणि सगळ्यात वरच्यावर शिक्का मारून मोकळं व्हावं. ऑस्ट्रेलियात वरून खाली ओळीने पसंतीक्रम टाकण्याला ‘गाढवमत’ म्हणतात. तिथे संसदेसाठी मतदान १९२४ पासून सक्तीचं, त्यामुळे त्यांच्याकडे निदान सबब तरी आहे. आपण हौसेने करतो.

कुणी टोकलंच तर ‘एका मतानं काय होतंय?’ म्हणावं. फक्त समोरचा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा निघू नये. २०१७ साली तिथे राज्य विधिमंडळाच्या एका जागेसाठी दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मतं पडली. बरोबरीही कशी झाली, तर एका मतपत्रिकेवर मतदाराने दोघांच्याही नावापुढची खूण भरून एकीवर रेघ मारली होती. ही रेघ म्हणजे नकार की हात घसरला, यावर तीन न्यायाधीशांनी डोकं लावलं आणि ते मत मोजायचं ठरवलं. शेवटी भांड्यातून चिठ्ठी काढली आणि त्या चिठ्ठीवर सभागृहाचं बहुमत ठरलं. त्या मतदारसंघात त्या दिवशी घरी राहिलेले सगळे अर्थात आमचे गुरू.

राष्ट्रीय निवडणुकीला मात्र जावं, फोटो चांगला येतो. जाहीरनामा वाचू नये. तो लिहिणाऱ्यांनीही वाचलेला असेलच असं नाही. मतं कशी मोजतात हेही निकालानंतरच शिकावं. अमेरिकेत २०१६ साली २८ लाखांहून अधिक मतं जास्त मिळवून हिलरी क्लिंटन हरल्या, तेव्हा कळलं की अध्यक्ष होण्यासाठी मतं नव्हे, ५३८ पैकी २७० निर्वाचक, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेले आणि अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, लागतात. नियम कित्येक पिढ्यांचा जुना, पण संताप ताजा. तोच तर टिकवायचा.

खरं कौशल्य आंतरराष्ट्रीय पातळीवर. युरोपीय संसदेची गोष्ट सोडा. १९७९ पासून तिथले लोक थेट मत देतात, म्हणजे तिथेही घरी बसायची सोय आहे. संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस बघा. सुरक्षा परिषदेचे पंधरा देश नाव सुचवणार, त्यातल्या पाच कायम सदस्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरला की नाव बाद, मग आमसभा नेमणूक करणार. यात तुमचं मत किती? शून्य. म्हणून इथे जीव तोडून भांडावं, दोन मित्र तोडावेत, आणि आपल्या वॉर्डाचा प्रतिनिधी कोण हे विचारणाऱ्याला क्षुद्र समजावं.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात मतदार उमेदवाराच्या पिंपात काचेची गोटी टाकतात. आत घंटा वाजते. एकदाच. दोनदा वाजली, तर बाहेर बसलेल्यांना लबाडी ऐकू जाते. तुमची या पद्धतीने फारच पंचाईत होईल. दिवसाला चाळीसदा मत मांडणाऱ्या माणसाने एका टणत्कारावर पाच वर्षं काढायची म्हणजे काय!