‘नो एरर’ देणारी सॉकेट लायब्ररी कशी लिहावी

सी भाषेत नेटवर्क लायब्ररी (म्हणजे इतर प्रोग्रामनी वापरायची तयार फंक्शने) लिहिण्याचा आणि तिच्या माहितीपत्रकावर ‘लिनक्स व विंडोज, दोन्हींवर चालते’ असे छापण्याचा आपला मानस असेल, तर पुढील सूचना आपल्या उपयोगी पडतील. गेल्या गळीत हंगामात सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, रात्री दोन वाजता, कानटोपी घालून बसलो असताना त्या मला सुचल्या आहेत.

प्रथम, इतिहासात शिरू नये. १९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीत सॉकेट, म्हणजे नेटवर्क जोडणीचे प्रोग्रामच्या हातातले टोक, आले आणि १९९३ साली विनसॉकची, म्हणजे विंडोजवरच्या सॉकेटची, १.१ ही आवृत्ती आली, तेव्हा विनसॉकने नावे बहुतांशी तीच ठेवली असली तरी वागणूक स्वतःची ठेवली, ही माहिती मनाला उगाच शंका आणते. दोन्हीकडे ‘कनेक्ट’ आहे ना, मग झाले.

दुसरे म्हणजे, प्रोग्रामचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या कंपायलरलाच गुरू मानावे. तो जिथे ओरडेल तिथे दुरुस्ती करावी आणि तो जिथे गप्प बसेल तिथे आपणही गप्प बसावे. सॉकेटला वाट न पाहता पुढे जायला लावणारे ‘एफसीएनटीएल’ विंडोजवर नाही म्हणून तो ओरडतो, तेव्हा तेवढ्या जागी ‘आयओसीटीएलसॉकेट’ लिहावे. ‘क्लोज’ मात्र तिथेही आहे, त्यामुळे तो ओरडत नाही. ते ‘क्लोज’ फायलींसाठी आहे, सॉकेटसाठी ‘क्लोजसॉकेट’ असे वेगळे फंक्शन आहे, ही बाब शोधत बसण्याइतका वेळ आपल्यासारख्या कार्यमग्न माणसाकडे कुठून असणार?

‘विनसॉक२’ची हेडर फाइल (फंक्शनांच्या घोषणांची फाइल) ‘विंडोज’च्या हेडर फाइलनंतर घ्यावी, म्हणजे दोन्हींतल्या घोषणा एकमेकींवर आदळतात आणि वापरणाऱ्याला कंपायलरने दिलेली चुकांची यादी वाचण्यात एक सकाळ घालवता येते.

आता एररचा क्रमांक. हा या विद्येचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. लिनक्सवर सॉकेटचे काम फसले की कारण ‘एररनो’ या चलात मिळते. विंडोजवर सॉकेटची फंक्शने ‘एररनो’ला हातही लावत नाहीत; तिथे फसण्याचे कारण ‘डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर’ला विचारावे लागते. आपण विचारू नये. न थांबणारे, म्हणजे नॉन-ब्लॉकिंग कनेक्ट केले की लिनक्स ‘ईइनप्रोग्रेस’ सांगते आणि विंडोज १००३५ हा क्रमांक देते. दोन्हींचा अर्थ एकच, की जोडणी चालू आहे, जरा दम धरा. आमच्या काट्यावरून सर्व्हरला वजन पाठवणाऱ्या लायब्ररीने विंडोजवरही ‘एररनो’त डोकावून पाहिले, तिथे शून्य सापडले, शून्य म्हणजे ‘ईइनप्रोग्रेस’ नव्हे, म्हणून जोडणी फसली असे तिने ठरवले आणि पडद्यावर इमानेइतबारे छापले: ‘कनेक्ट: नो एरर’.

काट्याच्या केबिनमधला क्लार्क माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, एरर न्हाई म्हणतंय की वो हे. मग वजन का जाईना?” बाहेर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गेटपर्यंत उभे होते, चालक हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हते, आणि माझ्याकडे त्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

कथा इथेच संपत नाही. फसली असे समजून लायब्ररीने ते सॉकेट ‘क्लोज’च्या हवाली केले. ‘क्लोज’ने ‘ही माझी फाइल नव्हे’ असे सांगून ते परत केले. ते उत्तर वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही. सॉकेट उघडेच राहिले, आणि काही क्षणांत त्याची जोडणी व्यवस्थित पूर्णही झाली! म्हणजे काटा म्हणतो जोडले गेले नाही, आणि तिकडे लिनक्सच्या सर्व्हरवर पाहावे तर त्याच काट्याची मुकी कनेक्शने वारकऱ्यांसारखी रांगेत उभी. दर पाच सेकंदांनी नवा प्रयत्न, दर पाच सेकंदांनी नवे कनेक्शन. त्या सर्व्हरवर एका प्रोसेसला १०२४ फाइल डिस्क्रिप्टरची, म्हणजे एकाच वेळी उघड्या फायली व कनेक्शने यांची, मर्यादा होती, म्हणजे साधारण ८५ मिनिटांत भांडे भरायचे, आणि मग या लायब्ररीशी काडीचाही संबंध नसलेला शेजारचा काटाही बंद पडायचा. सर्व्हर मीच लिहिला होता आणि रिकामी कनेक्शने तोडण्याची सोय मी त्यात ठेवली नव्हती, हा मुद्दा येथे गौण आहे.

जोडणीची वाट पाहणाऱ्या ‘सिलेक्ट’ला सॉकेटचे वेगवेगळे संच देता येतात, त्यांपैकी केवळ लिहिण्याचा संच द्यावा. विंडोज फसलेल्या जोडणीची बातमी अपवादाच्या संचात देते. तो दिलाच नाही, तर वाईट बातमी येतच नाही.

सॉकेटवरच्या पाठवण्या-घेण्याला वेळेची मर्यादा घालताना दोन्हीकडे ‘टाइमव्हॅल’, म्हणजे सेकंद व मायक्रोसेकंदांची जोडीच, द्यावे. विंडोजला तिथे मिलिसेकंदांचा साधा आकडा हवा असतो, म्हणून आपले पाच सेकंद तो पाच मिलिसेकंद असे वाचतो. कामाचा वेग वाढल्यास कोणाची तक्रार असणार आहे?

विनसॉक सुरू करणारे ‘डब्ल्यूएसए-स्टार्टअप’ एकदा आणि ते आवरणारे ‘डब्ल्यूएसए-क्लीनअप’ जमेल तितक्या वेळा बोलवावे. विंडोज या दोन्हींचा हिशेब ठेवते आणि हिशेब शून्यावर आला की त्या प्रोसेसमधली सगळी सॉकेट मोडीत निघतात, मग ती आपली असोत वा ज्याने आपल्याला विश्वासाने घरात घेतले त्याची असोत.

आणि शेवटी, कोणी तक्रार केलीच, तर ‘आमच्याकडे चालते’ असे कळवावे. ही लायब्ररी लिहिणाऱ्यांकडून मला तसेच कळवण्यात आले. त्यांच्याकडे म्हणजे कुठे, तर लिनक्सवर; विंडोजवर त्यांनी ती फक्त कंपाइल केली होती.

आता उपरोध पुरे. क्रमांक विचारणे, सॉकेट बंद करणे, न थांबणारे करणे आणि सुरुवात-शेवट, एवढ्या चार गोष्टींचा फरक एका छोट्या हेडर फाइलमध्ये, तीस-चाळीस ओळींत झाकता येतो, आणि तेवढे सुद्धा तुम्ही केले नाही. ‘एररनो’ शून्य असताना फसल्याचा संदेश छापताना तुम्हाला स्वतःचीच शंका कशी आली नाही? तोडलेला ऊस ट्रॉलीत उभा राहिला की वजनाला घटतो, आणि ते वजन तुमच्या खिशातून जात नाही. रात्रभर शेकोटीपाशी बसलेल्या शेतकऱ्याच्या बिलातून जाते. त्या रात्री पहाटेपर्यंत आम्ही हाताने पावत्या फाडल्या आणि सकाळी त्या एकेक करून संगणकात भरल्या. दोन्हींवर चालते असे छापायचे असेल, तर विंडोजचा एक संगणक घ्या, जुना घेतला तरी चालेल, आणि पुढची आवृत्ती काढण्यापूर्वी त्यावर एक कनेक्शन, निदान एक तरी, स्वतःच्या हाताने जोडून पाहा.