चाळीस दिवसांचा बांगडा

मी सहावीला प्राचीन जग शिकवते आणि सातवीला मध्ययुगीन. जूनमध्ये सहावीला घेऊन सुमेरमधून निघायचं आणि सातवीच्या मार्चपर्यंत त्याच पोरांना १४५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलला सुखरूप पोचवायचं. तास पस्तीस मिनिटांचा, तोही मधल्या सुट्टीनंतरचा. त्यातली सात मिनिटं हजेरीत आणि "मिस, पाणी पिऊन येऊ?" यात जातात. उरलेल्या अठ्ठावीस मिनिटांत मला साम्राज्यं उभी करून पाडायची असतात.

पहिली अडचण 'बीसी'ची, म्हणजे 'बिफोर क्राइस्ट'ची. हा शब्द उच्चारला की मागचे दोन बाक एकदम दप्तरात काहीतरी शोधायला वाकतात आणि त्यांचे खांदे हलायला लागतात. कारण सगळ्या वर्गाला माहीत असतं, मलाही माहीत असतं, आणि मला माहीत असल्याचं दाखवता येत नाही. जगभरच्या इतिहासकारांनी 'बीसीई', म्हणजे 'बिफोर कॉमन एरा', म्हणायला सुरुवात केली ती कालगणना धर्मनिरपेक्ष व्हावी म्हणून. मी केली ती मागच्या दोन बाकांसाठी.

शब्दातून सुटलं की गणितात अडकायचं. सीझर जन्मला इसवी सनापूर्वी १०० साली आणि त्याचा खून झाला इसवी सनापूर्वी ४४ साली. "मिस, म्हणजे तो उलटा लहान होत गेला?" पंचावन्न वर्षांचा होता, छप्पन्नावा वाढदिवस यायचा होता, असं फळ्यावर वजाबाकी करून पटवलं, तोवर त्याचा वारस ऑगस्टस आला. हा जन्मला इसवी सनापूर्वी ६३ मध्ये आणि गेला इसवी सन १४ मध्ये. वर्गाने एकमुखाने बेरीज केली, सत्त्याहत्तर. मी म्हटलं, पंच्याहत्तर. एक वर्ष वाढदिवसाआधीच गेला म्हणून कमी आणि एक वर्ष शून्य साल नाही म्हणून कमी. इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येतं.

"पण मिस, मॅथ्सच्या सरांनी नंबर लाइनवर शून्य दाखवलंय."

मी सांगितलं की ही कालगणना ५२५ साली डायोनिसियस नावाच्या एका भिक्षूने मांडली आणि तेव्हा युरोपात शून्य हा अंक नव्हताच.

"शून्य तर आपण शोधलं ना? मग त्यांना का नाही दिलं?"

ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम लिहिले ६२८ साली. भिक्षूने जरा घाई केली, एवढंच म्हणून मी तास संपवला. दुसऱ्या दिवशी गणिताचे सर स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलले नाहीत.

मग बॅबिलोनचा हम्मुराबी. हा राजा मुलांना पहिल्या पाच मिनिटांत आवडतो. दोनशे ब्याऐंशी कायदे, माणसापेक्षा उंच काळ्या दगडावर कोरलेले, तो दगड आता पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात. डोळ्याला डोळा, दाताला दात. मी पुढे सांगत होते की हे फक्त बरोबरीच्या लोकांसाठी, गरिबाचा दात पाडला तर नुसती चांदी मोजून सुटका. पण कोण ऐकतंय? खिडकीजवळच्या एकाने हात वर केला. "मिस, दुधाचा दात पाडला तर समोरच्याचाही दुधाचाच पाडायचा का? त्याचे सगळे पडून गेले असतील तर?" या प्रश्नावर बॅबिलोनच्या न्यायाधीशांनीही दाढी खाजवली असती.

तेवढ्यात मी नको तो कायदा वाचला. घर कोसळून मालक मेला तर ते बांधणाऱ्याला ठार मारावं. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. अठ्ठावीस माना एकदम तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे एका बिल्डरचा चिरंजीव बसतो. त्याच्याच सोसायटीत राहणाऱ्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मिस, आमच्या बाथरूमला लीकेज आहे." मी घाईघाईने त्यापुढचा कायदा वाचला. भिंत कलत असेल तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने पक्की करून द्यावी. पुढच्या पालकसभेला चिरंजीवांचे वडील आले आणि म्हणाले, "मॅडम, पोर्शन जरा लवकर पुढे सरकवा."

सातवीचं फार सांगत नाही. तिथे शार्लमेन नावाचा सम्राट आहे, ८०० साली नाताळच्या दिवशी त्याला रोममध्ये मुकुट घातला गेला. उतारवयात त्याने लिहायला शिकायचा प्रयत्न केला, उशीखाली पाट्या ठेवायचा, पण हात काही वळला नाही. हे मी कौतुकाने सांगितलं, जिद्दीचं उदाहरण म्हणून. तेव्हापासून वही अपुरी असलेला प्रत्येकजण मला शार्लमेन ऐकवतो. शंभर वर्षांचं युद्ध एकशे सोळा वर्षं चाललं हे त्यांना एका फटक्यात पाठ झालं, कारण मीही "शेवटची पाच मिनिटं" म्हणून पुढचा तास सुरू होईपर्यंत थांबवते, असं त्यांचं म्हणणं.

पण खरी फजिती झाली ती इजिप्तमध्ये.

ममीचा धडा दरवर्षी हिट असतो. मेंदू नाकातून आकडीने काढायचे, हे वाक्य मी मुद्दाम तास संपायच्या जरा आधी म्हणते, म्हणजे पोरं घरी जाऊन जेवताना सांगतात. यंदा मात्र मला हुक्की आली की प्रत्यक्ष करून दाखवावं. इजिप्तचे लोक मृतदेह नॅट्रॉनमध्ये सुमारे चाळीस दिवस सुकवायचे. नॅट्रॉन म्हणजे वाळवंटातल्या तळ्याकाठचा खार. आपल्याकडे मीठ आणि खायचा सोडा मिसळला की काम भागतं. पाच गट केले, प्रत्येकाला एक सफरचंद. दिवाळीच्या सुट्टीआधी पुरायचं, सुट्टीनंतर उघडायचं.

फुप्फुसं, यकृत, जठर आणि आतडी अशी चार बरण्यांत काढून ठेवायची असतात. सफरचंदवाल्या गटांनी गर कोरून काढला आणि बरण्या आणायला मी वळले तेवढ्यात अवयव खाऊन टाकले.

पाचव्या गटाने सफरचंद नाकारलं. त्या गटातल्या मालवणच्या मुलीने डब्यातून एक बांगडा काढला, पोट चिरून साफ केलेला. "मिस, आजीने दिलाय. फळाची कसली ममी, म्हणाली." मी हो म्हणायच्या आत वर्ग हो म्हणाला. बांगड्याला मीठ-सोड्यात झोपवलं, डबा बंद केला, वर नाव लिहिलं : बांगडाखामेन. दुसऱ्या दिवशी आजीचा निरोप आला, "सोडा कशाला घातलात? चव जाते."

राजाबरोबर परलोकात लागणारं सामान पुरतात, हेही मीच शिकवलं होतं. तुतनखामेनच्या थडग्यात १९२२ साली मद्याचे रांजण, पाव, मांसाच्या पेट्या निघाल्या, हेही. तेव्हा गटाने एका खोक्यात बांगडाखामेनचं सामान भरलं. अर्धा नारळ म्हणजे सुकं खोबरं, कोकमं, तिरफळं, मालवणी मसाल्याची पुडी आणि वर क्रिकेटचं एक चमकतं कार्ड. सगळं माझ्या कपाटात.

सुट्टीत मी कपाटाची किल्ली घेऊन गावी गेले.

परत आले तेव्हा मुख्याध्यापिका जिन्यातच उभ्या होत्या, नाकाला पदर. "तुमच्या कपाटात नक्की काय आहे?" मी म्हटलं, इजिप्त. त्या म्हणाल्या, "आजच्या आज रिकामं करा." चाळीस दिवस भरायला अजून चौदा बाकी होते. मी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा हवाला दिला, सगळा विधी सत्तर दिवसांचा असतो म्हणून सांगितलं. तडजोड झाली. डबे गच्चीवर गेले, कावळ्यांपासून वाचवायला वर विटा ठेवल्या, आणि त्या विटा उतरत्या रचून कुणीतरी पिरॅमिड केला.

चाळिसाव्या दिवशी उघडले. चारही सफरचंदांना बुरशी. मीठ कमी घातलं होतं. घरून पाव किलो आणायला सांगितलं तर कागदाच्या पुडीत चिमूटभर घेऊन आले होते. एकाला तर मुंग्या लागून त्याचा लोकसंख्येच्या दृष्टीने मोठा विकास झाला होता. आणि बांगडाखामेन? कडक, चंदेरी, डोळ्यांसकट शाबूत. आजीच्या नातीने नखाने टकटक वाजवून बघितलं आणि मान हलवली, "झाला."

मग हृदयाची परीक्षा राहिली होती. मेलेल्याचं हृदय सत्याच्या पिसाशी तोलतात म्हणून एकजण कबुतराचं पीस घेऊन आला होता. पण आजीने हृदय आतड्यांबरोबरच काढून मांजराला घातलं होतं. इजिप्तमध्ये मांजर पूज्य, त्यामुळे ते चालेल, असा निकाल वर्गाने दिला.

तास संपला, पोरं गेली. शिपाईमामा खराटा घेऊन गच्चीवर आले. बुरशीची सफरचंदं त्यांनी पोत्यात टाकली. मग डब्याशी थांबले, वास घेतला, शेजारचं खोकं उघडून खोबरं, कोकमं, तिरफळं, मसाला असं एकेक चाचपून पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "हे वर्गाचं आहे की टाकायचंय? नाही, कांदा तेवढा माझ्याकडे आहे."