'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते' ही चहाडीच आहे

"प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, कुणाला बोलू नका." हे वाक्य कानावर पडलं की डोकं फिरतं. कुणाला बोलायचं नाही, तर मग मला का सांगता? उपासना संपून दहा मिनिटं झालेली नसतात. ज्या तोंडाने आत्ताच प्रभूची प्रार्थना म्हटली, त्याच तोंडाने चर्चच्या आवारात कुणाच्या तरी घराची लक्तरं वेशीवर टांगणं सुरू होतं. एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघत नाही, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय. त्यावर उपदेश ऐकायचा, मान डोलवायची आणि बाहेर पडल्या पडल्या सुरू व्हायचं!

आता ही प्रार्थना व्हॉट्सअॅपवर आलीय. मेसेज नेहमी याच घाटाचा: "कृपया अमक्या कुटुंबासाठी प्रार्थना करा. मुलगी माहेरी परत आली आहे. कारण फोनवर सांगेन." खाली जोडलेले तीन हात. नीट बघा, यातलं पहिलं वाक्य तेवढं विनंती आहे. दुसरी बातमी आहे. तिसरं तर उघड आमंत्रण आहे, की फोन करा, पुढचं ऐकवते. देवाला कारण फोनवर सांगावं लागत नाही. ते कारण माणसांसाठी असतं, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या निम्म्या सभासदांना, ते तोंडपाठ झालेलं असतं. ज्या मुलीसाठी हे सगळं चाललंय तिला एकीनेही "जेवलीस का" म्हणून विचारलेलं नसतं.

आणि आपला मराठी ख्रिस्ती समाज केवढासा! नगर, जालना, सोलापूर, मिरज, पुणे, मुंबई, कुठेही जा, दोन आडनावं सांगितली की तिसरं नातं निघतं. स्थळाची चौकशी करायला फोन येतो. पलीकडून उत्तर जातं, "घर चांगलं आहे हो, पण..." तो 'पण' कुणी पूर्ण करत नाही, पूर्ण करायची गरजच नसते. आठवड्याने "पत्रिका" नव्हे, "योग नाही" नव्हे, नुसतं "सध्या विचार नाही" असं कळवलं जातं. मुलीच्या आईवडिलांना कधीच कळत नाही की आरोप काय होता, कुणी केला. चोरालासुद्धा कोर्टात आरोप वाचून दाखवतात. इथे शिक्षा भोगून झाली तरी आरोप ऐकायला मिळत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: "मी काय खोटं बोलले? खरंच आहे ना ते!" या उत्तराचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. बायबलमध्ये लेवीय 19:16 इथे लोकांत चहाड्या सांगत फिरू नको म्हटलंय, तिथे 'खोट्या चहाड्या' असं कुठेही नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात कलम 2477 हेच सांगतं: योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष, ज्याला तो माहीत नव्हता त्याला सांगणं, हेसुद्धा पाप. खोटं रचणं हा त्यापुढचा वेगळा गुन्हा. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, दहा आज्ञांपैकी खोट्या साक्षीच्या आज्ञेखालीच निंदा, चहाडी आणि माणसाचं ऐकून न घेता त्याला दोषी ठरवणाऱ्यांत सामील होणं, हे सगळं एकत्र मोजलंय. कॅथोलिक आणि लुथरन लोक ती आठवी आज्ञा म्हणतात, बाकीचे आपण नववी म्हणतो. आकड्यावर मतभेद आहे, मोडण्यावर मात्र सगळ्या पंथांचं एकमत दिसतं.

कुणाचं खरोखर चुकलं असेल तर काय करायचं, याचा क्रम मत्तय 18:15 ते 17 मध्ये दिलाय. आधी त्याच्याकडे जा, दोघंच असताना बोला. नाही ऐकलं तर एक-दोन जणांना सोबत न्या. तरी नाही ऐकलं तर मंडळीला कळवा. आपण तो बरोबर उलटा चालवतो. मंडळीला आधी कळतं, मग दोघं-तिघं समजूत काढायला जातात, आणि ज्याचं चुकलं त्याला सगळ्यात शेवटी, तेही तिऱ्हाइताकडून. मग तो चर्चला येणं सोडतो आणि आपण म्हणतो, विश्वासात थंड पडला.

प्रार्थनेची विनंती द्यायचीच असेल तर आधी त्या माणसाला विचारा: "तुमच्यासाठी मंडळीत प्रार्थना मागू का? काय शब्द सांगू?" तो म्हणेल तेवढेच शब्द पुढे जातील, त्याला शेपूट लावायचं नाही. विचारलं नसेल तर नाव घ्यायचं नाही. नाव गाळून "आपल्या गल्लीतलं, दोन मुलींचं घर" असं लिहिणंही बंद, कारण तेवढ्यावरून शेंबडं पोरही ओळखतं. आजार असेल तर "आजारी आहेत" पुरे. रिपोर्टचे फोटो, वॉर्ड, खाट नंबर कशाला? ग्रुपच्या अॅडमिनांनो, तुमच्या हातात सोय आहे. फक्त अॅडमिनने मेसेज टाकायचे ही सेटिंग लावा, विनंत्या आधी तुमच्याकडे येऊ द्या, कुणी भलतं टाकलं तर तुम्हाला तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. लगेच करा, कारण स्क्रीनशॉट डिलीट होत नाही.

ऐकणाऱ्यांनाही सोडणार नाही. सरपण नसलं की आग विझते, हे नीतिसूत्रे 26:20 मध्ये आहे, आणि ते सरपण म्हणजे आपले टवकारलेले कान. "अगं बाई, हो का?" एवढं म्हटलं की समोरच्याला आणखी चेव येतो. गप्प बसूनही भागत नाही, गप्प बसणं म्हणजे संमती समजली जाते. सरळ विचारा, "मावशी, हे त्यांना माहीत आहे का, तुम्ही मला सांगताय ते?" नाहीतर म्हणा, "चला, आत्ताच त्यांच्याकडे जाऊन प्रार्थना करू या," आणि खरंच उठा. वयाने मोठ्या माणसाला तोडून बोलवत नसेल तर, "मावशी, त्यांच्या घरचं राहू द्या, तुमचा गुडघा कसा आहे?" हेही चालतं.

पण 'चहाडी नको' या नावाखाली कुणी अत्याचार दाबणार असेल, तर तो वेगळा प्रकार आहे आणि तिथे माझा राग दुप्पट आहे. बायकोला मारहाण होतेय, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झालाय, हे पन्नास जण कुजबुजतात आणि तक्रार द्यायला एकही पुढे येत नाही! मुलांच्या बाबतीत तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. 1098 (मुलांसाठी), 181 (महिलांसाठी), 112 (तातडीच्या मदतीसाठी) हे नंबर फोनमध्ये ठेवा. तिथे बोला, पोलिसांत बोला. आवारात मात्र त्या लेकराचं नाव तोंडातून काढू नका.

आणि जे आधीच बोलून बसलेत, त्यांनी नुसतं रात्री गुडघ्यावर येऊन "प्रभू, क्षमा कर" म्हणून मोकळं व्हायचं नाही. बायबलमधला जकातदार जक्कय फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला. तुम्ही निदान एकपट तरी द्या. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची नावं कागदावर लिहा आणि एकेकाला फोन करा: "त्या घराबद्दल मी बोलले ते मला बोलायचा अधिकार नव्हता, पुढे सांगू नका." त्या घरापर्यंत गोष्ट पोचली असेल तर त्यांच्या दारात स्वतः जा, शक्यतो पुढच्या प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आधी. "माझ्याकडून चूक झाली" एवढं म्हणा आणि तिथेच थांबा. त्यापुढे "पण मला तर अमकीनेच सांगितलं होतं" असं म्हणालात, की नवी चहाडी त्यांच्याच उंबऱ्यावर सुरू झाली.