मनीप्लांट, मोत्या आणि तलाठीकाका

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आमच्या गावात मनीप्लांट नसलेले घर सापडणे अवघड आहे, आणि ज्या घरी त्याच्या जोडीला कुत्राही आहे, तेथे या वेलीवरून जे महाभारत घडते त्याची कल्पना इतरांना येणार नाही. आमच्या मोत्याने टीव्हीशेजारच्या बाटलीतून लोंबणारे पान चघळले. लगेच त्याच्या जबड्यातून लाळेच्या तारा सुटल्या, तो पुढच्या पंजाने तोंड ओरबाडू लागला आणि बघता बघता ओसरीवर निम्मी गल्ली जमली.

१९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि शिवाय पशुवैद्यकीय महाविद्यालय, असे दोन्ही गावात असूनही आमच्या गल्लीत सल्ला चालतो तो निवृत्त तलाठीकाकांचा. “मिठाचं पाणी पाजा, वकला की मोकळा झाला बघा,” असा त्यांनी निकाल दिला. “पैशाचा येल हाय, त्याला कामून ईख आसंल?” हे आईचे म्हणणे. सौभाग्यवतीने मात्र कोणाचेही न ऐकता डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी सांगितले ते असे, की मनीप्लांटच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि पान चावले की ते जिभेत, ओठांत व घशात टोचतात. त्यामुळे आग होते, लाळ गळते, कधी उलटीही होते. परंतु जिवावर सहसा बेतत नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसावे, गार पाणी द्यावे, थोडे दही चाटवावे, आणि घसा सुजून श्वास अडू लागला तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा. उलटी मात्र मुद्दाम करवू नये, कारण तेच स्फटिक वर येताना घसा पुन्हा सोलतात. शिवाय मिठाचे पाणी जास्त झाले, तर रक्तातील सोडियम वाढून कुत्रा मनीप्लांटमधून वाचेल आणि उपचाराने जाईल. हे वाक्य स्पीकरवर असल्यामुळे काकांनीही ऐकले व त्यांना अचानक घरचे काम आठवले.

आईला हे सारे पटले ते चमकुऱ्यामुळे. चमकुऱ्याच्या, म्हणजे अळूच्या पानातही हेच स्फटिक असतात, म्हणून तर आपण त्याच्या भाजीत चिंच घालतो; मोत्याने बापड्याने पान कच्चेच, आणि तेही चिंचेवाचून खाल्ले होते.

फोन ठेवता ठेवता डॉक्टरांनी, अंगणात आणखी काय लावले आहे, अशी सहज चौकशी केली. आईने अभिमानाने तुळस, गुलाब, कोरफड आणि महादेवासाठी लावलेली पांढरी कण्हेर अशी यादी वाचली. तुळस आणि गुलाब निर्धोक निघाले. कोरफडीने कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात. कण्हेरीचे नाव येताच मात्र डॉक्टरांचा आवाज बदलला, कारण तिचे पान, फूल, फांदी सारेच विषारी, आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जाते. पान वाळले म्हणून ते उतरतही नाही. ज्या झाडाखाली मोत्या रोज दुपारी ताणून देतो त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती बाटलीतली बिचारी वेल!

कण्हेर तोडायला आईने साफ नकार दिला. शेवटी तिच्याभोवती जाळी ठोकली आणि खाली पडलेली पाने रोज झाडायचे काम, देव तिचा असला तरी, माझ्याकडे आले. मनीप्लांट कोणाला तरी देऊन टाकावा असे ठरले. पण तो चोरून आणला तरच लाभतो, असा गल्लीचा ठाम समज असल्यामुळे फुकट न्यायला कोणी तयार होईना. सध्या मी त्याची बाटली मोत्याला पोचणार नाही अशा उंचीवर, पण फाटकाबाहेरून हात पोचेल अशा बेताने टांगली आहे. काका येता-जाता तिच्याकडे पाहतात, आणि त्या वेळी मी शहाण्यासारखा पेपरात डोके घालतो.